चाक, चार मेणबत्त्या आणि हसलेले अनारसे

माझ्या माहेरी, नगरला, नाताळ पंचवीस तारखेला यायचा आणि एक जानेवारीचं दुपारचं मटण संपलं की जायचा. आधी पंधरा दिवस फराळाची गडबड, चोवीसच्या रात्री गल्लीतून टाळ-ढोलकीवर भजनं, एकतीसच्या मध्यरात्री देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना. बाकी काही नाही. नगरला १८३१ साली मिशनचं काम सुरू करणारे अमेरिकन मिशनरी ज्या वळणाचे होते, त्या वळणात सणावारांचं कौतुक कमीच. करंज्या, शंकरपाळे, अनारसे हे आम्ही शेजारच्या दिवाळीकडे बघून आपले आपण जोडून घेतलं असावं.

लग्न होऊन कोपरखैरण्याला आले तेव्हा कळलं की सासरी वर्षच वेगळ्या दिवशी सुरू होतं. सासरची माणसं गुंटूरकडची तेलुगू लूथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या पंथातली ख्रिस्ती. त्या भागात १८४२ साली हायर नावाचे लूथरन पाळक आले, तेव्हापासूनची ही परंपरा. सासरे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. आमची मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा समाज, साठ-सत्तर माणसांची. निम्मी गुंटूर-नेल्लूरकडची, निम्मी रांची-सिमडेग्याकडची, दोन तमिळ कुटुंबं आणि मराठी म्हणायला मी एकटी. उपासना हिंदीत, गाणी ज्याला जी येतील ती. स्वतःचं देऊळ नाही. रविवारी सकाळी एका शाळेचा हॉल भाड्याने मिळतो, आणि साडेअकराला शिपाई किल्ल्या वाजवायला लागतो.

पहिली काही वर्षं मी मागच्या बाकावर बसून नुसती बघत होते. वेदीवरचं कापड बदलतं, पाळकसाहेबांच्या गळ्यातली पट्टी बदलते. कधी हिरवी, कधी जांभळी, एखाद्या रविवारी लाल. मला वाटायचं, धुवायला टाकत असतील. मग कळलं की रंगांवरून ऋतू ओळखायचा असतो.

२०२४च्या ऑक्टोबरात, रिफॉर्मेशनच्या, म्हणजे लूथरच्या धर्मसुधारणेच्या आठवणीच्या, रविवारनंतर बैठक झाली. आगमनकाळाचं, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचं, काम इतकी वर्षं बघणाऱ्या ताई मुलीकडे हैदराबादला गेल्या होत्या. “अब कौन करेगा?” असं पाळकसाहेबांनी विचारलं आणि अत्तम्मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला न विचारता माझा हात वर केला.

आगमनाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा. २०२४ साली तो १ डिसेंबरला होता. तिथून चार रविवार वाट बघायची. या काळात जांभळा रंग, नाताळची गाणी नाहीत, फुलांचा थाट नाही. नाताळ २५ला सुरू होतो आणि पुढे बारा दिवस, ५ जानेवारीपर्यंत, चालतो. ६ला प्रकटीकरणाचा सण, पूर्वेकडचे मागी लोक ताऱ्यामागून आले तो. हे सगळं पाळकसाहेबांनी मला एका वहीच्या पानावर लिहून दिलं. मी ते पान फ्रिजवर लावलं. नवरा म्हणाला, “ऑफिसच्या ऑडिटसारखं दिसतंय.”

पहिलं काम चार मेणबत्त्यांचं चक्र. आधीच्या ताईंचं तारेचं चक्र गंजून वाकडं झालं होतं. नवीन कशाचं करावं म्हणून मी वाचायला बसले तर कळलं की ही पद्धत एका लूथरन पाळकाचीच. हाम्बुर्गला योहान हिन्रिक विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ आला का? आज आला का? शेवटी १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर वीस छोट्या लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक छोटी पेटवायची, रविवारी मोठी. चारच मेणबत्त्यांचं आजचं रूप त्यातून पुढे आलं. मी उगाच त्या वर्षाची दिनदर्शिका मांडून बघितली. १८३९लाही १ डिसेंबरला रविवारच होता. म्हणजे आमचे चार रविवार आणि मधले वीस दिवस त्यांच्या मुलांच्या हिशोबाशी तारीखवार जुळत होते. याचा उपयोग काही नाही, पण त्या रात्री मला छान झोप लागली.

गाडीचं चाक म्हटल्यावर मग तार कशाला? आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीवाले काका बसतात, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्याकडे लहान मुलांच्या सायकलची एक रिम पडून होती. “कशाला पाहिजे ताई?” मी सांगितलं. काका जरा थांबले आणि म्हणाले, “देवाचं काम आहे तर पैसे नको. पण झाल्यावर परत आणा, ती रिम चांगली आहे.” तेव्हा ते चक्र उसनं होतं, हे इथेच नोंदवून ठेवते.

हिरवाईसाठी परदेशात सूचिपर्णी झाडाच्या फांद्या लावतात. इथे ती कुठून आणायची? मी तुर्भ्याच्या बाजारातून अशोकाची पानं आणली, तोरणाला लावतो तीच. जांभळ्या मेणबत्त्या कोपरखैरण्यात मिळाल्या नाहीत, वाशीतही नाहीत. वाढदिवसाच्या केकवरच्या मिळतात, त्या काडीएवढ्या. शेवटी पांढऱ्या जाड मेणबत्त्या घेतल्या आणि तीन मेणबत्त्यांना जांभळी, एकीला गुलाबी रिबन गुंडाळली. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. रिबन मेणाच्या वाटेत येणार नाही अशी अगदी खाली बांधायची, हे शहाणपण पहिली पेटल्यावर सुचलं.

पहिल्या रविवारी हॉलमध्ये पावणेदहाला उभी राहिले. माझ्या मुलाने, वय नऊ, काडी ओढली. ज्योत लागली, विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. डोक्यावर सहा पंखे. डिसेंबर असला तरी नवी मुंबईचा डिसेंबर. पंखे बंद केले तर पहिल्या रांगेतल्या आज्ज्या रुमालाने वारा घ्यायला लागल्या. अण्णा, आमचे खजिनदार, म्हणाले, “एक तो पंखा, या तो मोमबत्ती.” शेवटी वेदीवरचे दोन पंखे बंद आणि बाकीचे चालू, असा तह झाला. चारही रविवार पाळकसाहेबांनी घामाच्या धारा पुसत उपदेश केला. त्या वर्षी उपदेश छोटे झाले, त्याचं श्रेय मी घेते.

तिसऱ्या रविवारी शास्त्रवाचन माझ्याकडे होतं आणि मला मराठीत वाचायला सांगितलं होतं. बायबलातल्या लूकचा तिसरा अध्याय, बाप्तिस्मा करणारा योहान. आनंदाचा रविवार, गुलाबी मेणबत्ती, आणि योहान समोरच्या गर्दीला सापांची पिल्लं म्हणून झोडपतोय. मी वाचताना एकदा वर बघितलं. ज्यांना मराठी येतं ते खाली बघत होते, ज्यांना येत नाही ते प्रसन्न चेहऱ्याने मान डोलवत होते. पण पुढे लोक विचारतात, मग आम्ही करायचं काय? आणि तो म्हणतो, दोन अंगरखे असतील तर एक दे. वसुली करणाऱ्यांना म्हणतो, ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. नगरला हा भाग मी कितीदा ऐकला असेन, पण नाताळच्या तोंडावर कधी नाही.

कॅरलची फेरी मात्र नियमात बसत नव्हती. नाताळची गाणी २५च्या आधी नाहीत म्हणता, आणि १३ ते २० डिसेंबर रोज रात्री ऐरोलीपासून नेरुळपर्यंत घरोघर नाताळचीच गाणी? मी वहीचं पान घेऊन पाळकसाहेबांकडे गेले. ते हसले. “देवळात थांबायचं, रस्त्यावर गायचं. रस्त्यावरच्यांना कुठे माहीत आहे की आपण थांबलोय?” हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही, अजूनही अर्धंच पटलंय. पण २० तारखेनंतर निम्मी मंडळी रांचीच्या गाडीत बसणार असतात, हेही खरं.

फेरी म्हणजे एक टेम्पो, एक ढोलक, एक कीबोर्ड, लाल कपड्यातला एक नाताळबाबा, जो एरवी वाशीच्या एका मॉलमध्ये सिक्युरिटीत आहे, आणि वीसेक माणसं. लाऊडस्पीकर नाही. पोलीस ठाण्यात फेरीचा अर्ज दिला तेव्हा तिथल्या साहेबांनी एकच विचारलं, “दहाच्या आत आटपाल ना?” खरी परीक्षा टॉवरच्या गेटवर. पाहुणा कोणत्या प्रकारचा, हे वॉचमनला मोबाइलवर निवडावं लागतं. त्याने नाताळबाबाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, पाठीवरच्या पोत्याकडे बघितलं आणि ‘डिलिव्हरी’ दाबलं. अकराव्या मजल्यावर यजमानांच्या फोनवर संदेश गेला की तुमचं पार्सल आलंय.

भाषेचं भांडण दुसऱ्याच रात्री झालं. तेलुगू घरात तेलुगू गाणं, रांचीवाल्यांकडे त्यांची सादरी बोली किंवा हिंदी, हे ठीक. पण आमच्या नगरच्या भजनांची चाल या लोकांना ‘कीर्तन जैसा’ वाटायची, आणि नाताळात कीर्तन कसं, असा अण्णांचा प्रश्न. मी काही बोलले नाही. घरी येऊन आईचं जुनं ‘उपासना संगीत’, आमचं भजनांचं पुस्तक, काढलं. दुसऱ्या दिवशी टेम्पोत अण्णांना सांगितलं की लूथरने स्वतःच्या मुलांसाठी नाताळचं गाणं लिहिलं, ते १५३५ साली छापलं गेलं तेव्हा लोकांच्या तोंडी असलेल्या एका कोड्याच्या गाण्याच्या चालीवर होतं. अण्णा गप्प. ढोलकवाला पोरगा खुंटी गावचा, त्याने ठेका धरला. कोपरखैरण्याच्या माथाडी वस्तीत आम्ही त्या रात्री ते भजन म्हटलं तेव्हा खिडक्यांतून बायका बाहेर आल्या. एक आजी म्हणाल्या, “तुमच्यात पण भजन असतं होय!” आणि आत जाऊन टाळ घेऊन आल्या.

फेरीतून जमलेले पैसे दरवर्षी खारघरला जातात. तिथे टाटाच्या केंद्रात उपचारासाठी झारखंडहून आलेली कुटुंबं आसपास खोल्या घेऊन राहतात. त्यांतलं एक सिमडेग्याचं कुटुंब त्या डिसेंबरात आमच्याकडे यायला लागलं. चौथी मेणबत्ती त्यांच्या मुलीने पेटवली. मास्क लावलेला असल्यामुळे तिला फुंकर मारून काडी विझवता येईना, तेव्हा तिने ती हवेत हलवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता अनारसे. हे मी मुद्दाम मधे आणतेय, कारण माझ्या मते त्या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच झालं.

रांचीवाल्या दीदी दरवर्षी नाताळाला अरसा करतात. अत्तम्मा करतात अरिसेलु. मी करते अनारसे. तिघींचेही डबे इतकी वर्षं एकाच टेबलावर शेजारी शेजारी उघडले जायचे आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की तिन्ही नावं ऐकायला किती सारखी आहेत. तांदूळ, गूळ, तळण. तिसऱ्या रविवारी चहाच्या वेळी हे मी मोठ्याने म्हटलं आणि वाद पेटला. मग ठरलं, आमच्या घरी तिघींनी मिळून करायचे.

पद्धत मात्र तीन. माझ्याकडे तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, मग सुती कपड्यावर सावलीत सुकवून, ओलसर असतानाच कुटून, चाळून, किसलेला गूळ घालून गोळा डब्यात दाबून ठेवायचा, चार-सहा दिवस तरी. दीदी आणि अत्तम्मा दोघी एका रात्रीत मोकळ्या. ओल्या पिठीला गुळाचा पाक, लगेच तळण. अत्तम्मा तीळ लावतात आणि तळून झालं की दोन झाऱ्यांमध्ये दाबून तेल काढतात. मी खसखशीवर थापते, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडते आणि उलटत नाही. “इतने दिन क्यों रुकते हो?” दीदींनी विचारलं. मी म्हटलं, “हा आमचा आगमनकाळ.” विनोद बरा होता. पण तुपाने लगेच सूड घेतला. माझा पहिला अनारसा कढईत गेला आणि हसला, म्हणजे जाळी सुटून पार विरघळून पसरला. दुसरा हसला. तिसराही. गूळ जास्त झाला होता. ‘हसला’ या शब्दाचा अर्थ दीदींना समजावून सांगितला तेव्हा त्याच इतक्या हसल्या की त्यांचा अरसा करपला. शेवटी अत्तम्मांनी माझ्या गोळ्यात मूठभर पिठी मिसळली, न बोलता, आणि चौथा नीट आला.

या सगळ्यात हॉलचा घोळ झाला. संडे स्कूलच्या मुलांचं नाटक दरवर्षी चौथ्या रविवारी, २२ला. सोळा तारखेला निरोप आला की २२ला हॉल संध्याकाळच्या लग्नासाठी दिलाय, सकाळी दहाला सजावटवाले येणार. उपासना नऊच्या आत उरका, नाटक जमणार नाही. आगाऊ पैसे भरलेले होते. पावती दाखवली तर म्हणे, पावतीवर ‘रविवार’ लिहिलंय, तारीख नाही.

बैठक बसली. कुणी म्हणालं रद्द करा, कुणी म्हणालं कुणाच्या तरी घरी करा. मी फ्रिजवरचं पान काढून नेलं होतं. म्हटलं, ५ जानेवारीला करू. रविवार आहे, नाताळचा बारावा दिवस आहे. नाताळ अजून चालूच असणार. खोलीत शांतता. मग अण्णा म्हणाले, “पाच जानेवारी को कौन नाताळ मनाता है? लोग हँसेंगे.” मी म्हटलं, पान मी लिहिलेलं नाही. पाळकसाहेबांनी पान हातात घेतलं, स्वतःचंच अक्षर बघितलं आणि म्हणाले, “अब तो करना पड़ेगा.”

पंचवीसबद्दल फार सांगत नाही. पांढरं कापड आलं, चक्राच्या मधोमध नाताळची पाचवी मेणबत्ती पेटली, बिर्याणी कमी पडली.

एकतीसच्या रात्रीची उपासना दहाला सुरू होऊन साडेबाराला संपते. ठाण्याकडे जाणारी गाडी तोवर निघून गेलेली असते. त्या रात्रीपुरता शाळेने हॉल पहाटेपर्यंत दिला होता, हेही सांगायला हवं. माणसं तिथेच चटया टाकून बसतात. दोनच्या सुमाराला सरत्या वर्षात काय झालं ते एकेक जण सांगतो. कुणाची नोकरी गेली, कुणाचं बाळ आलं, कुणाचं घराचं कर्ज फिटलं. कुणी सल्ला देत नाही, तशी पद्धतच नाही. चार वाजता चहा. मग पहिल्या लोकलला निघणाऱ्यांचे बूट शोधण्याचा कार्यक्रम.

१ जानेवारी हा लूथरन पंचांगात येशूच्या नावाचा दिवस. जन्मापासून आठव्या दिवशी बाळाची सुंता झाली आणि येशू नाव ठेवलं, असं लूकच्या दुसऱ्या अध्यायात आहे. माझ्या डोक्यात लगेच बारसं आलं. मी अत्तम्मांना म्हटलं, आमच्याकडे बाराव्या दिवशी असतं. त्या म्हणाल्या, मग बाराव्या दिवशी तू नाटक ठेवलंयस ना, तेच बारसं.

आणि ५ जानेवारीला आलं कोण? रांचीला गेलेले निम्मे परतले नव्हते, त्यामुळे तीन मेंढपाळांऐवजी एक. पण ज्यांना २२ला कामामुळे येता येत नाही ते या वेळी आले. मॉलवाला मुलगा नाताळात सुट्टी कधीच मिळत नाही म्हणून पहिल्यांदा नाटकात होता, हेरोद राजा झाला होता आणि फार मन लावून ओरडत होता. सायकलवाले काका आले, “माझी रिम बघायला,” म्हणाले. टाळवाल्या आजी आल्या. प्लम केक बेकरीत निम्म्या भावात मिळाले. अण्णांनी ते हिशोबात लाल शाईने लिहिलं आणि मला दोनदा दाखवलं. मागी लोकांच्या थाळीत सोनं, ऊद आणि गंधरस यांच्या जागी अरसा, अरिसेलु आणि अनारसे ठेवले होते. ही कल्पना मुलांची. दुसऱ्या अंकाच्या आत एका मागी राजाने आपली भेट अर्धी खाल्ली होती.

सोमवारी, ६ला, ऑफिसमधून आल्यावर बाल्कनीतला तारा उतरवला. एक तारखेपासून सोसायटीतले दोघे-तिघे विचारून गेले होते, मॅडम, विसरलात का? आईचा नगरहून फोन आला. मी सांगितलं तारा आत्ता उतरवतेय. “अजून चालूच आहे का तुमचा नाताळ?” म्हणाली.

मेणबत्त्यांची थोटकं चार उंचीची उरली होती, पहिली सगळ्यात बुटकी. अशोकाची पानं तपकिरी होऊन हात लावला की चुरा होत होती. रिमवरचं मेण गरम पाण्याने काढलं, फडक्याने पुसली आणि मुलाबरोबर काकांकडे पाठवली. तो परत आला तो रिम घेऊनच. काका म्हणाले होते की ठेवा, पुढच्या वर्षी परत मागायला येणारच ना.

मुलाने नवीन कालनिर्णय भिंतीवरून काढलं, पानं उलटत नोव्हेंबरवर गेला आणि ३०च्या चौकोनात पेन्सिलने लिहिलं, ‘चाक’.